बिवा सरोवराकाठच्या ओत्सूत काय आणि कसे खावे?

जपानच्या शिगा प्रांताचे मुख्य शहर असलेल्या ओत्सूमधील खाद्यपदार्थांविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील सहा प्रश्न येथे घेतले आहेत. मी या शहरात काही काळ राहिले असल्याने उत्तरांमध्ये माझी आवडनिवड उतरली आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

प्रश्न : एप्रिलमध्ये आम्ही क्योतोला जात आहोत. तेथून ओत्सू रेल्वेने जेमतेम दहा मिनिटांवर आहे असे कळले. जे क्योतोत मिळते तेच ओत्सूत मिळणार असेल, तर केवळ जेवणासाठी मुद्दाम तेथे जाण्यात अर्थ आहे का?

अवश्य जावे. अंतर दहा मिनिटांचे असले तरी मध्ये डोंगराची रांग आहे आणि ती ओलांडली की ताटातले पदार्थ बदलतात. शिगा प्रांताला समुद्रकिनारा नाही. त्याच्या मध्यभागी सुमारे 670 चौरस किलोमीटरचे बिवा सरोवर पसरलेले आहे आणि प्रांताचा सुमारे सहावा हिस्सा त्यानेच व्यापला आहे. या भागाचे जुने नाव ‘ओमी’, आणि त्याचे मूळ ‘आवाउमी’, म्हणजे गोड्या पाण्याचा समुद्र, या शब्दात आहे. ताज्या समुद्री मासळीपासून दूर राहणाऱ्या येथील लोकांनी शतकानुशतके या गोड्या समुद्रातला मासाच भाजला, शिजवला, खारवला आणि भातात मुरवला. सरोवर सुमारे चाळीस लाख वर्षांचे असल्यामुळे जगात इतरत्र निसर्गतः न आढळणाऱ्या साठाहून अधिक प्राणी-वनस्पतींचे ते घर झाले आहे, आणि त्यांतील काही मासे थेट जेवणाच्या ताटात येतात. ही चव क्योतोच्या बाजारात काही प्रमाणात पोहोचते हे खरे, परंतु ती तेथे पाहुणी म्हणून येते.

मात्र एक गोष्ट आधीच सांगणे आवश्यक आहे. ओत्सूतल्या प्रत्येक उपाहारगृहात सरोवरातला मासा मिळतो असे मुळीच नाही. स्थानकाजवळच्या बहुतेक खानावळींत ट्यूना, सॅल्मन आणि तळलेली कोंबडी हेच पदार्थ असतात. म्हणून ‘कोग्यो’, म्हणजे सरोवरातले मासे, किंवा ‘कावाउओ’, म्हणजे गोड्या पाण्यातले मासे, हे शब्द लक्षात ठेवून ज्यांच्या पाटीवर ते असतील अशाच ठिकाणी जावे. शिगातील आझुची किल्ल्याच्या पुरातत्त्व संग्रहालयाने 2013 मध्ये सरोवरातील आठ खाद्य जलचरांची ‘बिवाको हाच्चिन’, म्हणजे बिवा सरोवराच्या आठ दुर्मीळ चवी, अशी यादी मांडली. बिवामासु, निगोरोबुना, होनमोरोको, इसाझा, गोरी, कोआयु, हासु आणि सुजिएबी ही ती आठ नावे होत. ही नावे कागदावर लिहून जवळ ठेवली आणि वाढणाऱ्यांना दाखवली, तरी त्यांतले आज काय आहे ते त्यांच्याकडून सहज कळते.

तुम्ही एप्रिलमध्ये जात आहात, म्हणून होनमोरोकोची चौकशी आधी करा. हा बोटभर लांबीचा चंदेरी मासा हिवाळ्यापासून वसंतापर्यंत उत्तम असतो आणि वसंतात त्याच्या पोटात गाभोळी भरलेली असते. चांगल्या ठिकाणी तो कोळशाच्या छोट्या शेगडीवर तुमच्यासमोर भाजतात. आधी दोन्ही बाजूंनी अंग भाजून घेतात आणि मग जाळीच्या फटींत डोके खाली करून तो उभा करतात. डोके कुरकुरीत होईपर्यंत माशातले तेल थेंबाथेंबाने खाली उतरत राहते, कोळशावर चर्र आवाज होतो आणि धुराचा एक बारीक पापुद्रा वर येतो. मोहरी घातलेल्या आंबटगोड मिसोत, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यात, टेकवून डोक्यापासून शेपटीपर्यंत संपूर्ण मासा खायचा असतो. काटा काढण्याचा प्रश्नच येत नाही. हा मासा आता दुर्मीळ झाल्याने स्वस्त राहिलेला नाही, पण चार-पाच मासे पुरेसे होतात.

ओत्सूला जाताना तेथील ऋतू पाहावा, हा माझा पहिला आणि ठाम सल्ला आहे, कारण येथे पदार्थांची यादी सरोवर ठरवते. उन्हाळ्यात गेलात, तर बिवामासु हा सरोवरातला ट्राउट कच्च्या कापांच्या रूपात मागवा. त्याचे मांस नारिंगी असते आणि चरबी असूनही चव हलकी असते. तोच काळ कोआयुचा. नदीत वाढलेला आयु मासा मोठा होतो, तर सरोवरातल्या सूक्ष्म जीवांवर पोसलेला आयु लहानच राहतो. त्याचा टेंपुरा, म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेला प्रकार, किंवा सोया सॉस आणि साखरेत आटवलेला त्सुकुदानी दोन्ही उत्तम लागतात. शरदात मात्र सावध असावे, कारण ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये अंडी घालायला निघालेल्या बिवामासुच्या मासेमारीस बंदी असते. त्याच ऋतूत नदीत चढणाऱ्या या माशाला आमेनोइओ म्हणत, आणि त्याच्यासह शिजवलेला आमेनोइओ भात हे येथील जुने घरगुती पक्वान्न आहे. हिवाळ्यात सरोवराच्या उत्तरेकडे बदकाचे मांस घातलेला उकळता मटका आणि इसाझाचा ‘जुनजुन’ हे पदार्थ करतात. दिवसा खोल पाण्यात राहून रात्री वर येणारा इसाझा हा लहानसा मासा सुकियाकीच्या पद्धतीने, म्हणजे सोया सॉस आणि साखरेच्या रश्शात, भाज्यांसह शिजतो आणि भांड्यात रटरटताना होणाऱ्या आवाजावरून पदार्थाला ते नाव पडले, असे सांगतात.

एकच दिवस असेल, तर दुपारचे जेवण हामाओत्सू बंदराच्या परिसरात घ्या आणि संध्याकाळी परतताना एबीमामेची लहान पुडी घेऊन या. सरोवरातील बारीक कोळंबी आणि सोयाबीन एकत्र शिजवून केलेला हा गोडसर खारट पदार्थ भाताबरोबर खातात. कोळंबीसारखी कंबर वाकेपर्यंत ‘मामे’, म्हणजे धडधाकट, राहावे अशी शुभेच्छा त्याच्या नावात आहे, आणि ‘मामे’ या शब्दाचा दुसरा अर्थ कडधान्य असा होतो. सरोवराच्या पश्चिम काठाने जाणाऱ्या कोसेई मार्गाच्या रेल्वेतून सरोवराकडे पाहिलेत, तर पाण्यात खांबांच्या रांगांनी केलेले बाणाच्या टोकासारखे आकार दिसतील. त्यांना ‘एरी’ म्हणतात. काठाकडे येणारा मासा वळत वळत त्याच्या टोकाच्या पिंजऱ्यात पोहोचावा, अशी ही जुनी रचना आहे.

प्रश्न : फुनाझुशीबद्दल खूप वाचले आहे. तिचा वास सहन होत नाही, असेही ऐकतो. तो मासा सडलेला असतो का? मला तो खाऊन पाहायचा आहे, पण वाया जाण्याची भीती वाटते.

तो सडलेला नसतो, हे निःशंकपणे सांगते. सडणे आणि आंबणे यांत जेवढा फरक आहे, तेवढाच इथे आहे. फुनाझुशी हा सुशीच्या जुन्या पूर्वजांपैकी एक आहे. आज सुशी म्हणजे व्हिनेगर घातलेल्या भातावरचा कच्चा मासा असे आपण मानतो, पण मुळात भातात मासा मुरवून त्याला आंबट करण्याची ही ‘नारेझुशी’ पद्धत आहे. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला निगोरोबुना हा कार्प कुळातला मासा अंडी घालण्यासाठी काठच्या लव्हाळ्यांत आणि भातशेतांच्या पाण्यात येतो. त्याच वेळी गाभोळी भरलेल्या माद्या पकडतात. खवले आणि कल्ले काढून आतडी कल्ल्यांच्या वाटेनेच बाहेर ओढतात, म्हणजे पोट कापावे लागत नाही आणि गाभोळी जागेवरच राहते. मग हे मासे मिठात काही महिने दाबून ठेवतात. जुलैच्या सर्वांत गरम दिवसांत ते धुऊन, कोरडे करून, लाकडी पिंपात थरावर थर रचतात. एक थर शिजवलेल्या भाताचा आणि एक माशांचा. पिंपावर झाकण ठेवून दगडांचे ओझे ठेवतात आणि हवा आत जाऊ नये म्हणून वर पाणी घालतात. उन्हाळ्याची ऊब मिळाल्यावर भातातल्या लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंचे काम सुरू होते. आम्ल वाढले की नासवणारे जिवाणू टिकत नाहीत, आणि माशाची हाडे इतकी मऊ होतात की चावताना जाणवतही नाहीत. नव्या वर्षाच्या सुमारास पिंप उघडते, काही घरांत दोन-तीन वर्षेही मुरवतात.

शिगा प्रांताने 1998 मध्ये ज्या पाच खाद्यपदार्थांना लोकसांस्कृतिक वारसा म्हणून निवडले, त्यांत सरोवरातील माशांची नारेझुशी आहे. आमेनोइओ भात आणि सरोवरातील माशांचे त्सुकुदानीदेखील त्याच यादीत आहेत. 2023 मध्ये ओमीतल्या नारेझुशीचे कौशल्य राष्ट्रीय पातळीवर नोंदणीकृत लोकसांस्कृतिक वारशात समाविष्ट झाले. म्हणजे ज्या पदार्थाला आपण नाक मुरडतो, त्याला त्याच्या प्रांतात किती मान आहे हे यावरून कळावे.

आता खाण्याविषयी. वाया जाऊ नये असे वाटत असेल, तर संपूर्ण मासा विकत घेऊ नका. त्याची किंमत कित्येक हजार येनपर्यंत जाते. उपाहारगृहात पाच-सहा कापांची छोटी थाळी मागवा. पहिला काप हातात धरून पाहा, तो तुम्हाला बरेच काही सांगेल. कडेला मांस फिकट तपकिरी, मध्ये गाभोळीचा गडद केशरी गोळा, आणि भोवती पिंपातल्या भाताचा पांढरा लगदा. वास नाकाला आधी टोचतो, मुरलेल्या चीजसारखा. ओठांवर ठेवून संपूर्ण काप एकदम गिळू नका, कडेचा छोटा तुकडा चावा. पहिल्यांदा आंबट, मग खारट आणि सरतेशेवटी गाभोळीचा लोण्यासारखा गोडवा येतो. तो गोडवा येईपर्यंत धीर धरला, तर बहुतेकांना दुसरा काप घ्यावासा वाटतो. मला मात्र तिसऱ्या भेटीत तो आवडला, हे मान्य केले पाहिजे. पहिल्या भेटीत मी तीन काप एकदम घेतले होते, आणि ती चूक होती.

साके, म्हणजे तांदळाचे मद्य, पीत असाल, तर घोटभर साके हा त्याचा सर्वांत जुना सोबती आहे. पीत नसाल, तर ‘ओचाझुके’ मागवा. गरम भातावर दोन-तीन पातळ काप ठेवून वरून गरम चहा ओततात. चहाच्या उष्णतेने माशाचा वास हलका होतो, आंबटपणा रसात उतरतो आणि भात चमच्याने खाण्यासारखा होतो. आजारी माणसालाही घरोघरी असा भात देत असत. रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र मिठाचे प्रमाण लक्षात घेऊन दोन-चार कापांवर थांबावे.

प्रश्न : आई-वडील शुद्ध शाकाहारी आहेत आणि कांदा-लसूणही खात नाहीत. माशांच्या शहरात त्यांना उपाशी राहावे लागेल का? आम्ही अंडे, मासे खातो.

तुमच्या आई-वडिलांसाठी ओत्सू हे जपानमधील सर्वांत अनुकूल शहरांपैकी एक आहे असे मला वाटते, आणि याचे कारण डोंगरावर आहे. सरोवराच्या पश्चिमेस हिएई पर्वत उभा आहे. भिक्षू साइचो यांनी 788 मध्ये त्यावर एन्र्याकुजी या बौद्ध मठाची स्थापना केली. मठातले जेवण ‘शोजिन र्योरी’ म्हणून ओळखले जाते. त्यात मांस आणि मासे तर नसतातच, शिवाय कांदा, लसूण, पातीचा कांदा, आणि त्यांच्याच कुळातल्या वासाच्या भाज्या वर्ज्य असतात, कारण मन विचलित करणाऱ्या पाच उग्र वनस्पतींत त्यांची गणना होते. त्यामुळे वेगळ्या सूचना देण्याची गरज उरत नाही, हे या जेवणाचे सर्वांत मोठे सुख आहे. सरोवराच्या दिशेने पाहणाऱ्या एन्र्याकुजी काइकान या यात्रीनिवासात हे जेवण मिळते. आधी आरक्षण करावे. साकामोतो गावातून वर जाणारी केबल रेल्वे 2,025 मीटर लांब असून 1927 मध्ये सुरू झाली. ही जपानमधील सर्वांत लांब केबल रेल्वे आहे आणि अकरा मिनिटांत वर पोहोचवते.

साकामोतो गावातच थांबलात तरी निराशा होणार नाही. हिएई पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या या गावात ‘युबा’ होते. सोयाबीनचे दूध मंद आचेवर तापवून त्यावर जी साय येते ती काडीने उचलतात, तोच युबा. ताजा युबा किंचित गोड आणि रेशमासारखा असतो. त्यावर थोडे मीठ किंवा वसाबी पुरेसे होते. नोव्हेंबरमध्ये येथे ‘साकामोतो किकु’ नावाची पिवळी शेवंती खातात. पाकळ्या उकळून व्हिनेगरमध्ये घातल्या जातात आणि चावताना हलका कुरकुरीतपणा जाणवतो. आई-वडिलांना हे फूल खायला मिळाले, तर त्याची आठवण बराच काळ राहील.

आता सावधगिरीचा भाग. मठाबाहेर भाजी म्हणून जे मिळते ते शाकाहारी असेलच असे नाही, कारण जपानी स्वयंपाकाचा पाया असलेले ‘दाशि’, म्हणजे मूळ रस्सा, बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचे असते. एकदा एका छोट्या खानावळीत मी शाकाहारी मैत्रिणीसाठी तळलेला टोफू मागवला होता. ताट समोर आले तेव्हा टोफूवर टाकलेला तपकिरी पातळ कीस वाफेने जिवंत असल्यासारखा हलत होता, आणि खालच्या रश्शातही तोच मासा होता. मैत्रीण शांत राहिली, परंतु त्या संध्याकाळी तिने भात आणि लोणचे एवढेच खाल्ले. दोष खानावळीचा नव्हता. मी मांस आणि मासे नकोत एवढेच सांगितले होते, दाशिचे नाव काढले नव्हते. म्हणून ‘निकु मो साकाना मो ताबेरारेमासेन, काट्सुओ नो दाशि मो दामे देसु’ हे वाक्य पाठ करा. मांस, मासा आणि बोनिटोचे दाशिही चालत नाही, असा त्याचा अर्थ आहे. ‘कोम्बु दाशि’ किंवा ‘शिइताके दाशि’ असे उत्तर आले तर निश्चिंत राहा, कारण पहिला समुद्री शेवाळाचा आणि दुसरा मशरूमचा रस्सा असतो.

साकामोतोतील प्रसिद्ध सोब्यालाही, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवयांनाही, हेच लागू आहे. होन्के त्सुरुकी सोबा हे दुकान 1716 पासून सुरू आहे आणि मठातील भिक्षूंसाठी बनलेल्या सोब्याच्या परंपरेशी ते जोडलेले आहे. इमारत पाहण्यासारखी आहे, पण बुडवण्याच्या रश्शात बहुधा बोनिटो असतो, म्हणून आधी विचारावे. ओमीहाचिमान शहराचे लाल ‘कोन्न्याकु’ हा आणखी एक पदार्थ आहे. लोहाच्या ऑक्साईडने त्याला विटेसारखा लाल रंग येतो आणि पाहणाऱ्याला मांस वाटावे असे ते दिसते, प्रत्यक्षात ते कंदापासून होते. त्याच्यावरही दाशि घालतात, हे विसरू नये.

प्रश्न : आम्ही मासे आणि कोंबडी खातो, पण गोमांस खात नाही. ओत्सूच्या प्रत्येक पाटीवर ‘ओमी’ हा शब्द दिसतो आणि प्रत्येक जण ओमी गोमांसच सुचवतो. नकळत पोटात जाण्याची धास्ती वाटते.

तुमची धास्ती योग्य आहे. ओमी-ग्यु, म्हणजे ओमीचे गोमांस, हे जपानमधील तीन नामांकित वाग्युंपैकी, म्हणजे जपानी जातीच्या गोमांसांपैकी, एक म्हणून गणले जाते. एदो काळात (1603–1868) देशभर गोमांस निषिद्ध असताना हिकोने येथील जहागिरीला चामड्याच्या निमित्ताने सवलत होती, आणि मिसोत मुरवलेले गोमांस औषध म्हणून शोगुन या लष्करी सत्ताधीशाकडे पाठवले जात असे. या जुन्या नात्यामुळे ‘ओमी’ शब्द अनेक पाट्यांवर गोमांसाशी जोडलेला दिसतो. मात्र ‘ओमी’ हे प्रदेशाचे नाव असल्याने तांदूळ, लोणची आणि चहा यांवरही तो असतो. म्हणून केवळ ‘ओमी’ शब्दावरून निर्णय करू नका, ‘ग्यु’ आणि ‘ग्युनिकु’ हे शब्द पाहा. सुकियाकी, शाबू-शाबू हा पातळ काप उकळत्या रश्शात बुडवून खाण्याचा प्रकार, हांबागु ही खिम्याची टिक्की आणि ‘कोरोक्के’ हा तळलेला बटाट्याचा गोळा यांत गोमांस असण्याची शक्यता अधिक असते. कोरोक्केमध्ये तर ते बटाट्यात दिसतही नाही. जपानी करीतही गोमांस बरेचदा असते, आणि करी करण्यासाठी मिळणाऱ्या मसाल्याच्या तयार वड्यांत गोमांसाची चरबी असू शकते. ‘ग्युनिकु वा ताबेमासेन’ असे सांगितले की वाढणारे लगेच समजतात. तुमच्यासाठी ईल हा सापासारखा लांब मासा उत्तम पर्याय आहे. ओत्सू आणि क्योतो यांच्या सीमेवरील ओसाका नो सेकी या जुन्या नाक्याजवळच्या (हे ओसाका शहर नव्हे) ‘कानेयो’ या जुन्या उपाहारगृहात ईलवर जाड रुंद अंड्याचा पोळा घालून वाढतात, त्याला ‘किनशि-दोन’ म्हणतात.

प्रश्न : जपानी भाषा येत नाही. बक्षीस किती द्यावे? मागवलेले नसताना लहान वाटी येते आणि तिचेही पैसे लागतात, हे खरे का?

बक्षीस देऊ नका. ते ठेवले तर वाढणारे विसरलेले पैसे म्हणून मागे धावत येतील. लहान वाटीविषयी तुम्ही ऐकले ते खरे आहे. रात्रीच्या इझाकायांत, म्हणजे मद्य आणि खाणे देणाऱ्या उपाहारगृहांत, ‘ओतोशी’ म्हणून एक पदार्थ आपोआप समोर येतो आणि बिलात काही शे येन लावले जातात, त्याला जागेचे भाडे समजावे. बसून खाल्ल्यास उपभोग कर 10 टक्के, पुडी बांधून नेल्यास 8 टक्के, हा फरक 2019 पासून आहे. दुपारचे जेवण सुमारे दोनपर्यंत संपते. सरोवरातले मासे देणाऱ्या लहान ठिकाणी एक-दोन दिवस आधी हॉटेलच्या स्वागत कक्षातून फोन करून घ्या, कारण मासा त्या दिवशी मिळालेल्या प्रमाणातच असतो. मेनू वाचता आला नाही, तर ‘ओसुसुमे वा नान देसु का’, म्हणजे तुम्ही काय सुचवाल, असे विचारा आणि उत्तरावर विश्वास ठेवा.

गोडासाठी मिइदेरा मंदिराजवळ ‘चिकारा मोची’ मिळते. मऊ तांदळाच्या गोळ्यांवर सोयाबीनचे हिरवट पिवळे पीठ आणि पाक घालतात. बेनकेई या दणकट योद्ध्याने मिइदेराची घंटा ओढून नेली, अशी दंतकथा या शक्तीच्या नावामागे आहे. ही मोची वरच्या प्रश्नातील शाकाहारी आई-वडिलांनाही चालेल. ‘देच्ची योकान’ हा लाल चवळीसारख्या अझुकीचा, पिठाचा आणि साखरेचा उकडलेला पदार्थ बांबूच्या सालीत गुंडाळतात, आणि तो स्वस्त असल्याने कामगार मुले, म्हणजे ‘देच्ची’, गावी जाताना घेत असत, म्हणून ते नाव.

प्रश्न : निगोरोबुना आणि होनमोरोको संकटात आहेत असे वाचनात आले. मग त्यांना ताटात मागवणे योग्य आहे का? आणि सरोवराचे पाणी स्वच्छ आहे ना?

हा प्रश्न विचारला याबद्दल मी आभारी आहे, कारण तो टाळून या विषयावर लिहिणे मला पटले नसते. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाच्या लाल यादीत दोन्ही मासे संकटग्रस्त म्हणून नोंदलेले आहेत. कारणे एकापेक्षा अधिक आहेत. 1972 ते 1997 या काळात पाणीपुरवठा आणि पूरनियंत्रणासाठी सरोवराच्या विकासाचा मोठा प्रकल्प राबवला गेला, काठाला बांध पडले, लव्हाळ्यांचे पट्टे घटले आणि शेतीची व सरोवराची पाणवाट तुटली. मासे अंडी घालायला जिथे येत, ती जागाच गेली. त्यातच ब्लॅक बास आणि ब्लूगिल या बाहेरून आलेल्या माशांनी पिल्ले खाल्ली.

पाण्याविषयी म्हणाल, तर 1977 मध्ये सरोवरात गोड्या पाण्यातली ‘लाल भरती’ आली, सूक्ष्म जीवांच्या वाढीने पाणी तपकिरी झाले, आणि कपडे धुण्याच्या पावडरमधील फॉस्फरस हे त्यामागचे एक कारण असल्याचे पुढे आले. तेव्हा गृहिणींनी साबण वापरण्याची मोठी चळवळ उभारली आणि प्रांताने 1979 मध्ये फॉस्फरस असलेल्या अपमार्जकांवर बंदी आणणारा नियम केला. तो 1980 मध्ये लागू झाला. आज सरोवराचे पाणी किंकी, म्हणजे ओसाका-क्योतो परिसरातील, प्रदेशातील सुमारे 1 कोटी 40 लाख लोकांना पुरते.

खावे की नाही, याबद्दल माझे मत असे आहे. हे मासे संपूर्ण टाळल्यास काठच्या मच्छीमारांचे उरलेसुरले उत्पन्न थांबते, आणि ज्यांना सरोवराची सर्वाधिक काळजी आहे तेच तेथून निघून जातात. म्हणून थोडे मागवावे, हंगामात मागवावे आणि योग्य किंमत द्यावी. शिगामध्ये ‘उओ नो युरिकागो सुइदेन’, म्हणजे माशांचे पाळणे असणारी भातशेते, असा उपक्रम चालतो. शेतातल्या पाण्याच्या चराला पायऱ्या करून मासे पुन्हा भातखाचरात चढून अंडी घालू शकतील अशी व्यवस्था केली जाते, आणि अशा शेतांतला तांदूळ त्या नावाने विकला जातो. 2022 मध्ये सरोवर, मासेमारी आणि शेती यांच्या या एकत्रित पद्धतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. तुम्ही ओत्सूत भात मागवताना तो तांदूळ आहे का, असे विचारलेत, तर माशांच्या अंड्यांसाठी शेतकऱ्याने ठेवलेली ती पायरी तुम्हीही थोडी उचलून धरता.

आणखी एक सोपा मार्ग आहे. जवळच्या कुसात्सु शहरातील बिवा सरोवर संग्रहालयाच्या उपाहारगृहात ब्लॅक बासच्या टेंपुराचा भात बराच काळ मिळत आला आहे. सरोवरात पकडलेला बास किंवा ब्लूगिल परत पाण्यात सोडण्यास शिगाच्या नियमाने 2003 पासून मनाई आहे, म्हणजे हा मासा कितीही खाल्ला तरी निगोरोबुनाचे पिल्लू वाचते. मांस पांढरे आणि साधेसे असते, टेंपुराच्या कुरकुरीत आवरणात ते चांगले लागते. मुले बरोबर असतील, तर त्यांना तिथेच जेवू घाला आणि मग जिवंत बिवामासु पोहताना दाखवा.